प्लग-इन, परिचालन स्वयंचलनातील

संगणक-व्यवस्थेच्या दैनंदिन परिचालनाची कामे आपोआप पार पाडणाऱ्या आज्ञावलीला, तिच्या गाभ्यात फेरफार न करता, बाहेरून जोडता येणारा व पुन्हा काढून घेता येणारा लहान स्वतंत्र घटक म्हणजे प्लग-इन होय. सर्व्हर चालू आहेत की नाहीत हे पाहणे, साठवणुकीतील मोकळी जागा तपासणे, माहितीच्या प्रती काढून ठेवणे, आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविणे, बिघाडाची वर्दी देणे व शक्य तेथे तो दुरुस्त करणे इ. कामांचा परिचालनात समावेश होतो. ही कामे केव्हा, कोणत्या क्रमाने व कोणत्या अटींवर करावयाची हे स्वयंचलनाची मुख्य म्हणजे यजमान आज्ञावली ठरविते. एखाद्या विशिष्ट यंत्राशी किंवा आज्ञावलीशी प्रत्यक्ष व्यवहार करण्याचे काम प्लग-इनकडे असते. त्यासाठी यजमानाचे अधिकार त्याला पुष्कळदा जसेच्या तसे प्राप्त होतात. या घटकांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न त्यातूनच उद्‌भवला आहे. जोडणी सुलभ करणे हे त्याचे एक अंग असून अयोग्य जोडणी होऊ न देणे हे दुसरे होय. पहिल्या अंगाची प्रगती झपाट्याने झाली. दुसऱ्याची मात्र सावकाश आणि बहुधा दुर्घटनांनंतर झाली.

पूर्वपीठिका : जोडता-काढता येणाऱ्या घटकांची कल्पना संगणकाच्या आज्ञावल्यांपेक्षा जुनी आहे. रेल्वे संकेतन हे तिचे एक उत्तम उदाहरण. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात मोडणारे नरडाणा हे स्थानक तापी खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत–भुसावळ लोहमार्गावर शिंदखेडा व अमळनेर या स्थानकांच्या दरम्यान आहे. मुंबई–आग्रा महामार्गही नरडाण्यावरून जातो. १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झालेला हा लोहमार्ग दीर्घकाळ एकेरी होता. उधना–जळगाव या टप्प्याचे दुहेरीकरण व विद्युतीकरण पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथील समारंभात ते राष्ट्रास अर्पण करण्यात आले आणि त्याच वेळी धुळे–नरडाणा या नव्या लोहमार्गाची पायाभरणी झाली. चालू मार्गावरील स्थानकास नवा मार्ग येऊन मिळणे ही केवळ रूळ टाकण्याची बाब नसते. स्थानकातील सांधे व सिग्नल यांचे परस्परावलंबन नव्याने बांधावे लागते आणि तेही गाड्यांची ये-जा चालू ठेवून. चालत्या व्यवस्थेला नवा भाग जोडण्याचा हा प्रश्न संगणकगृहातील प्रश्नाशी तत्त्वतः एकच आहे.

सांधे व सिग्नल यांच्या परस्परबंधनास इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा योग्य बाजूस बसून कुलूपबंद झाल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल देता येऊ नये, हे त्याचे मूलतत्त्व आहे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये अशा रचनेचे एकस्व घेतले. प्रारंभी हे बंधन लोखंडी दांड्या व खाचा यांच्या साहाय्याने साधले जाई. पुढे विद्युत् रिले आले. रिले म्हणजे विद्युत् प्रवाहाने हालणारी व दुसरे मंडल जोडणारी किंवा तोडणारी कळ. रिले तारांनी कायमचे बांधलेले असल्यास एक बिघडताच सर्व तारा सोडवाव्या लागत. म्हणून मांडणीवर कायम तारजोडणी केलेला पाट व त्यात खोचता येणारा रिले अशी रचना पुढे आली. ब्रिटिश रेल्वेच्या नमुन्यावरील क्यू मालिकेतील रिले भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरात आले. बिघडलेला रिले उपसून त्या जागी दुसरा खोचणे हे त्यामुळे काही मिनिटांचे काम झाले.

या रचनेत तीन संरक्षणे अंतर्भूत होती. पहिले म्हणजे संकेत-खिट्ट्या. प्रत्येक जातीच्या रिलेचा पाया व पाट यांवरील खिट्ट्या आणि छिद्रे ठरावीक जागी असल्यामुळे चुकीच्या जातीचा रिले त्या जागी बसतच नाही. दुसरे म्हणजे बिघाडाची दिशा. प्रवाह खंडित झाला, तर रिले स्वतःच्या वजनाने खाली पडावा व सिग्नल धोक्याच्या स्थितीत जावा, अशी रचना केलेली असते. तिसरे म्हणजे जबाबदारीची नोंद. चालू संकेतन-सामग्रीस हात लावण्यापूर्वी संकेतन कर्मचारी स्टेशनमास्तरास लेखी डिस्कनेक्शन मेमो देतो, स्टेशनमास्तराची संमती घेतो आणि काम व चाचणी संपल्यावर रिकनेक्शन मेमो देऊन ती सामग्री पुन्हा स्वाधीन करतो. जोडणी कोणी केली, केव्हा केली व कोणाच्या संमतीने केली हे त्यामुळे कागदावर राहते. संगणकीय प्लग-इनचा पुढील इतिहास म्हणजे या तीन संरक्षणांचा पुन्हा लागलेला शोध आहे, असे म्हणता येईल.

संगणकगृहातील परिचालन : संगणकाच्या यंत्रसामग्रीतही खोचण्याजोगे घटक लवकरच आले. आय्‌बीएम कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणलेल्या ६०४ या गणनयंत्रात निर्वात नलिका सुट्या, खोचता येणाऱ्या घटकांत बसविलेल्या होत्या. आज्ञावल्यांच्या बाबतीत मात्र ही सोय नव्हती. प्रारंभीच्या संगणकगृहात परिचालक हाच स्वयंचलनाची जागा भरून काढीत असे. तो पत्त्यांचे गठ्ठे क्रमाने यंत्रात घाली, फिती चढवी-उतरवी आणि यंत्र थांबल्यास कारण शोधी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा स्वदेशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे आलेल्या सीडीसी ३६०० या मोठ्या संगणकावर देशातील इतर संस्थांचीही कामे होऊ लागली. अशा ठिकाणी कामांची रांग लावणे हेच एक स्वतंत्र कौशल्य होऊन बसले.

हे काम यंत्राकडे सोपविण्याचा पहिला टप्पा म्हणजे गटप्रक्रिया. जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी १९५६ मध्ये आय्‌बीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेली प्रणाली एक काम संपताच दुसरे आपोआप सुरू करीत असे. १९६४ मध्ये आय्‌बीएमने सिस्टिम ३६० ही संगणकमाला व तिच्यासाठी ओएस/३६० ही परिचालन-प्रणाली जाहीर केली. या परंपरेत निर्गमबिंदूंची कल्पना रुजली. प्रणालीच्या वाटचालीतील काही ठरावीक ठिकाणी ग्राहकसंस्थेला स्वतःची छोटी आज्ञावली घालता येई, उदा., एखादे काम स्वीकारण्यापूर्वी त्यातील हिशेबाचा क्रमांक वैध आहे की नाही हे तपासणे. प्रणाली त्या बिंदूपाशी थांबे, ग्राहकाच्या आज्ञावलीस विचारी व तिच्या उत्तरानुसार पुढे जाई. गाभा निर्मात्याचा आणि जोड ग्राहकाची ही विभागणी येथे प्रथमच स्पष्ट झाली. तथापि जोडलेली आज्ञावली प्रणालीच्याच अधिकाराने चालत असल्यामुळे तिच्यातील एका चुकीने सबंध संगणक बंद पडू शकत असे.

दुसरी परंपरा युनिक्स या परिचालन-प्रणालीची. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या या प्रणालीत एक काम चोखपणे करणारी लहान आज्ञावली लिहावी व अशा अनेक आज्ञावल्या एकमेकींस जोडाव्यात, असा दंडक पडला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत क्रॉन ही आज्ञावली होती. ठरल्या वेळी ठरलेले काम सुरू करणे एवढेच ती करी. काम कोणते हे तिला ठाऊक असण्याचे कारण नसे. भारतीय प्रवाशाला अशा कामांचा परिचय रेल्वे आरक्षणामुळे झाला. रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ १९८५-८६ मध्ये दिल्लीत झाला आणि रेल्वे माहिती प्रणालींसाठी क्रिस ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. मध्यरात्रीच्या सुमारास आरक्षण थोडा वेळ बंद ठेवण्याचा जो प्रघात पुढे अनेक वर्षे प्रवाशांच्या परिचयाचा झाला, त्यामागे दिवसअखेरीची हीच परिचालन-कामे होती.

प्लग-इनचा उदय : १९९० नंतर एका मोठ्या संगणकाची जागा शेकडो लहान सर्व्हरांनी घेतली. त्यांचे निर्माते, परिचालन-प्रणाली व उपयोग भिन्न होते. कोणत्याही एका कंपनीला या सर्वांची माहिती असणारी आज्ञावली लिहिणे अशक्य झाले. नॉर्वेतील ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन तयार केले. सर्व्हरची अपेक्षित स्थिती लिहून द्यावी व आज्ञावलीने त्याला त्या स्थितीत आणावे, ही कल्पना त्यामुळे प्रचारात आली. त्याच दशकाच्या मध्यास नेटस्केप या न्याहाळकामुळे ‘प्लग-इन’ हा शब्द सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला.

परिचालनाच्या क्षेत्रात या पद्धतीचा निर्णायक प्रसार एथन गॅल्स्टॅड यांच्या आज्ञावलीने केला. १९९९ मध्ये ती नेटसेंट या नावाने प्रसिद्ध झाली व २००२ मध्ये तिचे नाव नॅगिओस असे झाले. तिच्या गाभ्याला कोणतीच गोष्ट स्वतः तपासता येत नाही. तो फक्त वेळापत्रक सांभाळतो, प्लग-इनला हाक मारतो, उत्तर नोंदवितो व आवश्यक तर संबंधितांस वर्दी देतो. प्लग-इन कोणत्याही भाषेत लिहिलेले चालते. त्याने एक ओळीचा मजकूर व एक अंक परत द्यावा एवढीच अट असते. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. हा करार इतका सोपा होता, की सामान्य परिचालकालाही अर्ध्या दिवसात स्वतःचे प्लग-इन लिहिता येऊ लागले. यांतील ३ या अंकाचे महत्त्व विशेष आहे. तपासणीच होऊ शकली नाही, तर ‘सर्व ठीक’ असे न म्हणता ‘ठाऊक नाही’ असे सांगण्याची सोय त्याने केली. प्रवाह खंडित होताच खाली पडणाऱ्या रिलेचे तत्त्व येथे वेगळ्या रूपात अवतरले. प्लग-इन लिहिणारा निष्काळजी असेल, तर मात्र ते न चाललेल्या तपासणीसाठीही ० परत देऊ शकते आणि गाभ्याला त्याची शहानिशा करता येत नाही.

निरीक्षणाकडून कृतीकडे : नॅगिओसचे प्लग-इन मुख्यतः पाहण्याचे काम करी. पुढील पिढीतील घटक प्रत्यक्ष बदल घडवू लागले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत कोहसुके कावागुची यांनी हडसन ही आज्ञावली लिहिली व २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज्ञावलीची नवी आवृत्ती जुळविणे, तपासणे व सर्व्हरवर बसविणे हे तिचे काम. ओरॅकल कंपनीने सन विकत घेतल्यानंतर नावावरून वाद झाला व २०११ मध्ये विकासकांच्या मोठ्या गटाने जेंकिन्स या नावाने स्वतंत्र वाटचाल सुरू केली. जेंकिन्ससाठी १,८०० हून अधिक प्लग-इन उपलब्ध झाले. पपेट (२००५), शेफ (२००९) व अँसिबल (२०१२) या आज्ञावल्यांनी शेकडो सर्व्हरांची मांडणी एकाच ठिकाणाहून करण्याची सोय केली.

अँसिबलमध्ये दोन प्रकारचे जोडघटक आढळतात. मॉड्यूल हे सामान्यतः ज्या सर्व्हरवर काम करावयाचे तेथे पाठविले जाते व काम उरकून निघून जाते. प्लग-इन मात्र नियंत्रक संगणकावरच चालते आणि सर्व्हरशी संपर्क साधणे, गुप्त शब्द मिळविणे, सर्व्हरांची यादी तयार करणे, निकाल नोंदविणे यांसारखी कामे करते. मायकेल डीहान यांनी सुरू केलेली ही आज्ञावली २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीकडे गेली. तिच्या २.९ या आवृत्तीबरोबर तीन हजारांहून अधिक मॉड्यूले येत असत. एवढ्या मोठ्या संग्रहाची निगा राखणे गाभ्याच्या विकासकांना अशक्य झाले. म्हणून २०२० मध्ये हे घटक वेगवेगळ्या संग्रहांत विभागून त्यांची जबाबदारी निरनिराळ्या गटांकडे देण्यात आली. २०१४ मध्ये आलेल्या टेराफॉर्मनेही २०१७ मध्ये आपले जोडघटक गाभ्यापासून वेगळे केले. प्रत्येक घटक स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालत असल्याने त्यातील बिघाड गाभ्यास सहसा पाडू शकत नाही. पुढे कोणती आवृत्ती वापरावयाची व तिच्या धारिकेची पडताळणी-बेरीज किती, याची नोंद ठेवणारी कुलूप-धारिका टेराफॉर्ममध्ये आली. धारिकेत एका अक्षराचाही बदल झाला, तर बेरीज जुळत नाही व घटक नाकारला जातो. संकेत-खिट्टीचे हे संगणकीय रूप होय. खिट्टी रिलेची जात तपासते, तर बेरीज घटकाची ओळख तपासते.

महाराष्ट्रातील कार्य : संगणक-परिचालन हा महाराष्ट्रातील, विशेषतः पुण्यातील, माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा मोठा भाग आहे. परदेशी बँका, विमा कंपन्या व दुकानसाखळ्या यांच्या सर्व्हरांवर येथील तंत्रज्ञ पाळ्यांमध्ये लक्ष ठेवतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. याच कंपनीने २०१५ मध्ये इग्निओ ही परिचालन-स्वयंचलनाची प्रणाली जाहीर केली. ती पुढे डिजिटेट या व्यवसायविभागामार्फत विकली जाऊ लागली. व्यवस्थेचे सामान्य वर्तन शिकून घेणे, त्यापासूनचे विचलन ओळखणे, कारण शोधणे व ठराविक उपाय स्वतःच करणे हा तिचा उद्देश आहे. अशा प्रणालीत निर्णयाचा भागही यंत्राकडे जातो. परिणामी तिला जोडलेल्या घटकांनी दिलेली माहिती चुकीची असल्यास, ती चूक परिचालकाच्या नजरेस पडण्यापूर्वीच कृतीत उतरण्याचा संभव असतो. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचे कामही त्यामुळे बदलले. बिघाड दुरुस्त करण्याऐवजी दुरुस्ती करणाऱ्या घटकांवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम होऊ लागले आणि बिघाड हाताने दुरुस्त करण्याचा सराव कमी होण्याचा धोका त्यातून निर्माण झाला.

धोके व दुर्घटना : परिचालन-आज्ञावलीला सर्व सर्व्हरांत प्रवेश असतो, म्हणून तिचा एक घटक दूषित झाल्यास हानी व्यापक होते. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्‌स कंपनीच्या ओरायन या निरीक्षण-प्रणालीच्या बाबतीत असे घडल्याचे उघडकीस आले. हल्लेखोरांनी तिच्या एका प्लग-इनमध्येच छुपी आज्ञावली मिसळली होती. तो घटक कंपनीच्या अधिकृत अंकीय स्वाक्षरीसह नेहमीच्या सुधारणांबरोबर सु. १८,००० ग्राहकांपर्यंत गेला. अमेरिकेच्या शासनाची काही खातीही त्यांत होती. स्वाक्षरी खरी होती, पण जिच्यावर स्वाक्षरी केली ती वस्तूच बदललेली होती. घटक कोठून आला एवढे तपासून भागत नाही, तो कसा तयार झाला हेही पाहावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

दुसऱ्या प्रकारची घटना १९ जुलै २०२४ रोजी घडली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या आज्ञावलीला पाठविलेल्या एका माहिती-धारिकेमुळे विंडोज प्रणालीवरील सु. ८५ लाख संगणक बंद पडले. येथे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. जोडघटकाच्या व्याख्येत २१ रकाने होते, तर यजमान आज्ञावली २० च रकाने पुरवीत होती. नसलेला एकविसावा रकाना वाचण्याचा प्रयत्न प्रणालीच्या अगदी गाभ्यात झाला व संगणक कोलमडले. जगभर विमानसेवा विस्कळित झाली; भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. रिलेच्या भाषेत सांगावयाचे, तर एकवीस खिट्ट्यांचा घटक वीस छिद्रांच्या पाटात बसविला गेला आणि पाटाने तो नाकारला नाही.

तथापि रेल्वेची जुनी शिस्त सर्वथा अभेद्य होती असेही नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला असताना सांधा मात्र लूप मार्गाकडे होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली व २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत, समपार फाटकाजवळील संकेतन-खोलीतील तारजोडणीत पूर्वी व त्या वेळच्या कामात झालेल्या फेरफारांतील त्रुटी हे कारण आढळले. तारांवरील नावे प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हती. इंटरलॉकिंगला मिळालेली माहिती खोटी असल्यामुळे त्याने आपल्या नियमानुसारच चुकीचा सिग्नल दिला. खिट्टी घटकाची जात तपासते. त्याच्यामागील तार कोठे जाते हे ती तपासू शकत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष सांधा, सिग्नल व फलकावरील खूण यांचा मेळ माणसाने समक्ष पडताळावा लागतो.

मूल्यमापन : प्लग-इनमुळे परिचालन-स्वयंचलन थोड्या मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीतून बाहेर पडले. लहान बँक, महाविद्यालय वा नगरपालिका यांनाही मोफत उपलब्ध असलेला गाभा घेऊन आपल्या गरजेपुरते घटक त्याला जोडता येऊ लागले. ज्यांनी हे घटक लिहिले त्यांतील अनेकांनी त्यासाठी मोबदला घेतला नाही. मात्र लेखकाने लक्ष काढून घेतल्यावरही घटक वर्षानुवर्षे वापरात राहतो आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे हे अस्पष्ट होते. यावर उपाय म्हणून घटकास कामापुरतेच अधिकार देणे, त्याची आवृत्ती निश्चित करून ठेवणे, प्रथम थोड्या सर्व्हरांवर चाचणी घेणे, मागे फिरण्याची वाट राखणे आणि प्रत्येक जोडणीस नावानिशी संमती घेणे या प्रथा रूढ होत आहेत. त्यांपैकी शेवटची प्रथा म्हणजे वेगळ्या नावाचा डिस्कनेक्शन मेमोच होय.

नरडाण्यासारख्या स्थानकात नवा लोहमार्ग येऊन मिळतो, तेव्हा तो जोडला गेला एवढ्याने काम संपत नाही. प्रत्येक सांधा व प्रत्येक सिग्नल प्रत्यक्ष हालवून पाहिल्यावर आणि ते पाहणाऱ्याने सही केल्यावरच पहिली गाडी सोडली जाते. संगणक-परिचालनातील जोडघटकांनाही हाच नियम लागू पडतो. जोडणी किती थोड्या वेळात झाली यावरून व्यवस्थेची प्रगल्भता ठरत नाही. अयोग्य घटक तिने कोणत्या टप्प्यावर नाकारला आणि योग्य म्हणून स्वीकारलेल्या घटकाबद्दल कोण उत्तर देईल, यांवरून ती ठरते.